पाच दिवसांची दाढी

बोटाला केस लागला, पण आरशात तो नव्हता. लमियतने हनुवटी उजेडाकडे वळवली, मग दुसऱ्या अंगाने वळवली, आरसा नाकाशी आणला, लांब नेला, आणि पुन्हा बोट फिरवलं. आहे. डाव्या जबड्याखाली, जिथे कातडी जरा सैल पडायला लागली होती तिथे, माशाच्या काट्याएवढा टोकदार. बोट म्हणत होतं आहे आणि डोळा म्हणत होता नाही. या दोघांत बोट आजवर कधी खोटं बोललं नव्हतं. डोळ्याचं काय, डोळ्याने पुरुषांच्या बाबतीत तिला कितीदा तरी तोंडघशी पाडलं होतं. नदीकडच्या खिडकीत खुर्ची, मांडीवर टॉवेल, उजव्या हातात चिमटा, आणि खाली घाटावर पहिली बोट सुटायच्या आत सगळा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा, हा तिचा एक्केचाळीस वर्षांचा नेम. देवाला एखादे दिवशी हार चुकला असेल, हनुवटी चुकली नव्हती. एक ट्रकवाला अकरा वर्षं या घरात राहून गेला. त्याने तिचा राग पाहिला, रडणं पाहिलं, तिने फोडलेल्या बशा पाहिल्या, पण तिच्या हनुवटीवर उगवलेला केस काही त्याला दिसला नाही. तो उठायच्या आत ती उठायची. आणि आज, त्रेसष्टाव्या वर्षी, एक केस तिच्याच तोंडावर बसून तिलाच वाकुल्या दाखवत होता, आणि चिमटा नुसता हवेत कटकट करत होता.

हे काम तिला बापाने शिकवलं होतं, आणि ते त्याला कधी कळलं नाही. तराफ्यावरचं त्यांचं घर, खाली पाणी डुबुक डुबुक करायचं, आणि दुपारी जेवण झाल्यावर बाप खांबाला टेकून दोन नाणी काढायचा. डोळे मिटलेले. बोटाने केस शोधायचा, दोन नाण्यांच्या मध्ये धरायचा आणि उपटायचा, एक उपटला की जरा वेळ गप्प, मग दुसरा. घाई नाही, आरसा नाही. पंचक्रोशीतले सगळे बाप्ये तसेच करायचे, त्यांच्या लेखी ती ऐष होती, विडी ओढावी तशी. ती शेजारी बसून बघायची आणि तिला वाटायचं, मोठं झाल्यावर आपणही इतकं निवांत व्हायचं. निवांत! बापाने जी करमणूक म्हणून केली ती लेकीच्या गळ्यात नोकरी होऊन पडली, आणि तीही बिनसुट्टीची. पंधराव्या वर्षी ओठावर पहिली लव काळी झाली तेव्हा तिने तीच दोन नाणी चोरली आणि तराफ्याच्या मागच्या टोकाला, मासे वाळवायच्या जाळीआड बसून, रडत रडत उपटली. पुढे बाजारातल्या चिनी आजीकडे गेली. ती आजी गिऱ्हाइकाच्या तोंडाला पांढरी पावडर फासून, दोऱ्याचं एक टोक दातात धरून, कात्रीसारखा दोरा चालवायची. नव्या वर्षाच्या आधी तिच्यापुढे बायकांची रांग लागायची. आजीने लमियतच्या गालावरून दोरा फिरवला आणि तो तटकन तुटला. "हा केस नाही, बांबू आहे," आजी दातातला दोरा न सोडता म्हणाली. दुसराही तुटला. तिसऱ्याला आजीने मेण लावलं, आणि मग अशी काही पेटली की लमियतच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि रांगेतल्या बायका गप्प झाल्या. संपल्यावर आजीने तिच्या गालावर थाप मारली. "आता जा. नवरीसारखी दिसतेस." तेवढ्या एका वाक्यावर लमियतने पुढची दोन-तीन वर्षं काढली.

"नाम्निंग!" तिने जिन्यातून हाक मारली. "ए, उठ. इकडे ये."

खालच्या मजल्यावर दुकान होतं. लग्नाचे, पोरांच्या भिक्खू-दीक्षेच्या मिरवणुकीचे, शाळेतल्या नाचांचे कपडे भाड्याने मिळायचे आणि त्यावरचं तोंड रंगवूनही मिळायचं. दुकानामागच्या खोलीत दोघी राहायच्या. नाम्निंग, म्हणजे स्थिर पाणी, जी आयुष्यात एक मिनिट स्थिर बसली नव्हती. आणि पेत, म्हणजे बदक, जिचं चालणं बघितलं की नाव कुणी ठेवलं हे विचारायची गरज पडत नसे. दोघीही लमियतसारख्याच, मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि त्यापायी घरातून निघालेल्या. दोघी तिला माय म्हणायच्या. ती मात्र गिऱ्हाइकांना सांगताना 'दुकानातल्या पोरी' म्हणायची, कारण एकदा का पोरी डोक्यावर बसल्या की मग उतरत नाहीत.

नाम्निंग डोळे चोळत वर आली. लमियतने हनुवटी पुढे केली नाही. आधी बजावलं, "लांबूनच बघ. हात लावायचा नाही. इथे काही दिसतं का?"

नाम्निंगने फोनचा दिवा लावला. बघितलं. आणि तिच्या तोंडावर आधी हसू आलं, मग ते तिने गिळलं, आणि ते गिळणंच लमियतला जास्त लागलं.

"बोल की. तोंडात काय लाडू आहे?"

"माय, पांढरा आहे."

"काय पांढरा?"

"केस. एक नाही, चार-पाच आहेत. म्हणून तुला दिसत नाहीत."

डोक्यावरचे पांढरे झाले तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं; डोक्याला रंग असतो, टोप असतो, फुलं असतात. पण हनुवटीनेही म्हातारं व्हावं हे तिच्या हिशेबात नव्हतं. दाढी गेली नाही ती नाहीच, वर म्हातारी होऊन बसली, सासूसारखी.

"मग त्या तुझ्या लेझरवाल्याकडे घेऊन चल," ती म्हणाली. लेझरला तिने आजवर नावं ठेवली होती. नाम्निंग आठ बैठका करून आली होती आणि तिचा गाल आता खरोखर अंड्यासारखा होता, पण लमियत म्हणायची, फोटो काढल्यासारखा उजेड पाडतात आणि केस म्हणे जातो, देवळातला भूत उतरवणारा बरा.

"लेझर काळा केस बघतं, माय. पांढरा त्यालाही दिसत नाही. तुझ्या डोळ्यासारखंच." नाम्निंग तेवढ्यात टोमणा मारून मोकळी झाली. "पांढऱ्याला विजेची सुई लागते. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालतात आणि चटका देतात. मग तो परत येत नाही."

परत येत नाही. हे शब्द लमियतच्या कानात दिवसभर राहिले. गजरे ओवताना, झगमग टिकल्यांचा मुकुट पुसताना, एका नवरीच्या आईशी पदराच्या रंगावरून भांडताना. आणि त्या शब्दांच्या मागे मागे विलायची आठवण आली, जिला तिने तीन वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं होतं. विलाय तिची नाटकमंडळीतली मैत्रीण. ट्रकच्या हौद्यात, पेट्यांवर बसून, गावोगाव जायच्या दोघी. विलायला लाज नावाची गोष्ट नव्हती, ती सगळ्यांदेखत आरसा काढायची, उपटायची, आणि मान वर करून म्हणायची, "लमियत, बघ ना गं, मानेवर राहिलाय का?" आणि लमियत बघायची, काढायचीही. पण विलायने "आता तू दे" म्हटलं की लमियत म्हणायची, "माझ्याकडे काही नाही." "हो का? संन्यासीण ती," विलाय हसायची. मग वय झालं, मंडळी मोडली, विलाय भावाच्या गावी गेली आणि तिला अर्धांगाचा झटका आला. ओळखपत्रावर 'श्री' लिहिलेलं, म्हणून पुरुषांच्या वॉर्डात टाकली. उजवा हात गेला, चिमटा गेला. लमियतला कळवायचं कुणाला सुचलं नाही. ती पोचली तेव्हा शवपेटी बंद झाली होती आणि फुलांच्या मधोमध फोटो होता, सैन्याच्या भरतीच्या वेळचा, केस बारीक कापलेला कुणी परका पोरगा. भावाची बायको साधी बाई, वाईट नव्हती. पेज वाढता वाढता म्हणाली, "शेवटी दाढी फार वाढली होती हो, पांढरी. अगदी आमच्या सासऱ्यांसारखे दिसत होते." लमियतच्या पर्समध्ये चिमटा होता. तिने पेज संपवली. चवीला बरी होती, हेच तिला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

हात आज ना उद्या जाणारच. डोळा तर निघालाच होता. मग त्या खाटेवर आपण, आणि आपल्या हनुवटीवर बाप. नाही. त्याआधी सगळं मुळापासून जाळून टाकायचं, म्हणजे कुणाच्या हातापाया पडायला नको.

गुरुवारी ती सुईच्या दवाखान्यात गेली. ती कधीच कुठे गबाळी जात नसे. निळं रेशमी, कानात मोती, आणि पहाटे नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त बसून चेहरा असा स्वच्छ केलेला की माशी बसली तर घसरावी. पांढरे केस तर बोटाने चाचपून, डोळे मिटून, बापासारखे काढले होते, आणि ते जमल्याचा तिला मोठा अभिमान वाटत होता. सुईवाली पोरगी सिरी नावाची, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. तिने लमियतला दिव्याखाली झोपवलं, गालावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि चष्मा वर सरकवला.

"मावशी, आज उपटून आलात?"

"मग? परक्या माणसाकडे यायचं म्हणजे तोंड धुऊन नको यायला?"

"अहो, पीक कापून शेत दाखवायला आणलंत. मी सुई घालू कुठे? केस वर दिसला तर त्याच्या वाटेने मुळापर्यंत जायचं ना." सिरी हसत होती, पण हसण्यात चेष्टा नव्हती. "सगळ्याच येतात अशा, पहिल्यांदा. मंगळवारी या, तोवर पाच दिवस चिमट्याला हात लावायचा नाही. जेवढे वर येतील तेवढे काढू, राहिलेले पुढच्या खेपेला. वर्ष-दीड वर्ष चालेल हे. पण पाच दिवस काहीही करायचं नाही."

"पाच दिवस!" लमियत खाटेवर उठून बसली. "पाच दिवसांत पोरी, मी जोगी होईन."

"मास्क लावा. आजकाल कोण विचारतंय?"

घरी आल्यावर तिने पेतला बोलावलं आणि चिमटे तिच्या हवाली केले. उशीखालचा, पर्समधला, देव्हाऱ्यातल्या उदबत्त्यांच्या डब्यातला, शिवणयंत्राच्या खणातला, तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर चिकटवलेला. पेत ओंजळ धरून उभी. तिचे डोळे मोठे होत गेले. ती स्वतः वस्तऱ्यावर भागवायची आणि वरून निळसर सावली लपवायला नारिंगी रंगाचा थर द्यायची. चिमट्याचं दुखणं तिला सोसत नसे.

"माय, एवढे? तू चिमट्यांचं दुकान काढणार होतीस का?"

"लपव. मी मागितले तरी द्यायचे नाहीत. रडले तरी नाही."

"मारलंस तरी?"

"मारलं तर दे," लमियत म्हणाली. "नाही, तरी नको."

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्याला गाल घासला आणि असा आवाज झाला, रेशमावर मांजराने नखं ओढावीत तसा. एवढासा आवाज, पण ती उठून बसली. कोण आलं बिछान्यात? कुणी नाही, तीच. पहाटे सवयीने खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर रिकामे. नदी बघायला वेळ मिळाला, आणि तिच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं या खिडकीत बसून तिने नदी कधी पाहिलीच नव्हती, फक्त उजेडासाठी वापरली होती. बघण्यासारखी होती बरं. तपकिरी आणि हिरवं अशी दोन पाणी शेजारी शेजारी वाहत होती, भांडलेल्या जावांसारखी, आणि पार पुलापर्यंत एकमेकींत मिसळत नव्हती. बोट हनुवटीवर गेलंच. खरखर. तिला किळस यायला हवी होती, थोडी आलीही, पण तिच्या आड एक भलतीच आठवण निघाली: बाप तिला लहानपणी गुदगुल्या करायचा त्याच्या हनुवटीने, आणि ती खिदळायची. ती हनुवटी, ती खरखर. चाळीस वर्षं आपण रोज सकाळी कुणाला उपटून टाकत होतो? तिने हात झटकला. असले विचार रिकाम्या हातांना येतात. मग ती खाली गेली, मास्क लावला, आणि दिवसभर सगळ्यांवर डाफरली. शेवया भिंतीकडे तोंड करून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी दीक्षेच्या मिरवणुकीची बारा पोरं रंगवायची होती; मास्कच्या आत घाम, घामात ते खुंट, आणि प्रत्येक खुंट जणू ओरडत होता. एका पोराच्या आजीने विचारलं, "लमियतबाई, सर्दी का?" "नाही, तुमच्या नातवाच्या पायांचा वास," लमियत म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या, पण तिच्या कपाळाची शीर उडत होती.

ती शीर तापाची होती. संध्याकाळपर्यंत दात वाजायला लागले. मास्क तोंडावर तसाच ठेवून ती बिछान्यात पडली आणि मग वेळ नावाची वस्तू विरघळली. पाणी डुबुक डुबुक करत होतं. खांबाला टेकून विलाय बसली होती आणि दोन नाणी वाजवत होती. "मानेवर राहिलाय गं तुझ्या," ती म्हणाली. "माझ्याकडे काही नाही," लमियत म्हणाली. "आता तरी दे." मग तो भरतीचा पोरगा आला, फोटोतून चालत, आणि तिच्या शेजारी आडवा झाला, आणि फुलं रचणाऱ्या बायका दोघांकडे बघून गोंधळल्या, यातला कोण? लमियतला सांगायचं होतं. ओरडली असेल बहुतेक. कपाळावर गार फडकं आलं, गेलं, आलं. कुणीतरी तिची मान मांडीवर घेतली. हनुवटीला बारीक बारीक डंख व्हायला लागले, एक, मग जरा थांबून दुसरा, घाई नव्हती, आणि तिला वाटलं, झाली सुई सुरू, चला सुटले. आणि ती झोपली, जशी कित्येक वर्षांत झोपली नव्हती.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं, अंग घामाने निथळून हलकं झालं होतं, आणि मास्क नव्हता. हात आपोआप वर गेला.

गुळगुळीत.

डावा जबडा, उजवा, ओठाच्या वर, मान. काही नाही. चौथा दिवस म्हणजे काय, पहिलाच दिवस झाला होता!

"नाम्निंग! पेत! कुणी केलं हे? कुणाचे हात मोडू?"

दोघी दारातच बसलेल्या होत्या. रात्रभर न झोपलेली तोंडं. पेतचा नारिंगी थर उतरून गाल निळे झालेले, आणि तिचं तिला भान नव्हतं.

"मी सांगितलं होतं ना, मी रडले तरी—"

"तू रडली नाहीस, माय," पेत म्हणाली. "तू म्हणालीस, 'यांना सांग मी कोण ते.' सारखं तेच. आणि आरोग्य केंद्रातला डॉक्टर सकाळी बघायला येणार होता."

"मग?"

"मग काय?" नाम्निंग चिडली. "त्याने मास्क काढून घसा बघितला असता की नाही? बघितलाच. तू तशी असताना त्याने बघितलं असतं, तर ताप उतरल्यावर तू आम्हाला नदीत ढकललं असतंस. आणि ताप उतरलाच नसता तर..." ती थांबली. "तर फुलं लावताना आम्हीच असतो ना इथे. दुसरं कोण असणार?"

खाली घाटावर बोटवाल्याने भोंगा दिला.

लमियतने पुन्हा हनुवटी चाचपली. कारण तिला काहीतरी करायला हवं होतं, आणि डोळ्यांत आलेलं पाणी तापाचं आहे असं दाखवायला हवं होतं. "आणि ते पांढरे?" तिने विचारलं. "ते तर दिसत नाहीत."

"दिसले नाहीत," पेत म्हणाली. "डोळे मिटून काढले. बोटाने."

म्हणजे त्यांनी बघितलं. नुसतं बघितलं नाही, बोटांनी वाचलं, इंच न् इंच, एक्केचाळीस वर्षांची तिजोरी फोडून दोघी दारात बसल्या होत्या आणि जग काही बुडालं नव्हतं. वर पेतच्या बोटाला फोड आला होता.

तिने फोन मागितला. पलीकडे सिरी. "पोरी, मंगळवारी मी येत नाही."

"काय हो मावशी! परत उपटलंत?"

"मी नाही उपटलं. माझ्या मुलींनी उपटलं." आणि सिरीने काही विचारायच्या आत, "पुढच्या मंगळवारी येते. सुई काय पळून जात नाही," म्हणून तिने फोन ठेवून दिला. दोघी तिच्याकडे बघत होत्या. "काय बघताय? डोक्यावर बसू नका. पेत, आरसा दे, बघू काय कर्माची कामगिरी केलीय."

आरशात हनुवटी लाल ठिपक्यांनी भरली होती, डास चावल्यासारखी. दोन ठिकाणी कातडीच सोलली होती. लमियतने च् च् केलं.

"शी! हे काय? कोंबडी सोलत होतीस का? केस कुठल्या कलाने उगवतो ते बघायचं नाही? कातडी ताणून धरायची नाही? असं जर तुम्ही मला लोकांपुढे ठेवलं असतं ना, तर पेटीतून उठून मुस्काटात दिली असती." तिने उशी खुर्चीशेजारी जमिनीवर टाकली. "चिमटा आण. कुठलाही आण, चांगला तांदळाच्या पिंपावरचा. आणि बस अशी, उजेडाकडे पाठ करून नको गं, बावळट. मांडी दे."

"आता, माय? काही राहिलं नाहीये."

"कानाखाली आहेत दोन. मला लागतायत. शोध."

पेत बसली. लमियतने डोकं तिच्या मांडीत ठेवलं. मांडी मऊ होती, साबणाचा आणि कालच्या मेकअपचा वास येत होता. खालून बघितलं की पेतचे निळे गाल दिसत होते, आणि त्यांच्यामागे छत. नाम्निंग फोनचा दिवा धरून गुडघ्यावर टेकली, आणि पहिल्यांदाच स्थिर. पेतचं बोट कानाखाली आलं, थांबलं, परत फिरलं, आणि थांबलं.

"सापडला?"

"सापडला. धरू?"

"विचारतेस काय? मुळाशी धर. ओढायचा नाही, उचलायचा."

पेतने ओढलाच.

"हळू गं बदके!" लमियत ओरडली. "प्रेत नाही झालं अजून माझं!"

पेत फिस्सकन हसली, नाम्निंगच्या हातातला दिवा हलून सगळ्या छतभर नाचला, आणि दुसरा केस शोधणं सोपं जावं म्हणून लमियतने मान आणखी मागे टाकली आणि हनुवटी वर केली.